भिंतीतून जाणारी फुंकर

माझं आणि माझ्या नणंदेचं सव्वीस वर्षांत एकाही गोष्टीवर पटलेलं नाही. पडद्यांचा रंग, माझ्या मुलीची शाळा, सासऱ्यांच्या खोलीत पंखा हवा की नको, सगळ्यावरून आमची जुंपलेली. आणि विद्यापीठाने आम्हा दोघींना मिळून नेमकी एकच भिंत दिली.

नणंद आवाजाचं काम करते. मोठ्या दालनात बोललेलं शेवटपर्यंत नीट ऐकू जावं म्हणून भिंतींना, छताला काय लावायचं ते मोजूनमापून सांगते. घरात आम्ही तिला मोजपट्टी म्हणतो, तोंडावर म्हणतो, आणि तिला त्याचा अभिमान आहे. मी भिंतींवर चित्रं काढते. इस्पितळं, वाचनालयं, एकदा एक पोहण्याचा तलाव. माझा नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावतो आणि आम्ही दोघी भांडायला लागलो की स्वतःचं मिटून घेतो.

भिंत होती तीन नंबरच्या व्याख्यानगृहातली. माझ्या सासूबाईंनी तिथे एकतीस वर्षं भूमिती शिकवली. त्या जाऊन दोन वर्षं झाली तेव्हा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं की त्यांच्या आठवणीसाठी तिथेच काहीतरी करायचं. अर्धे म्हणाले, मोठं भित्तिचित्र करा. उरलेले अर्धे म्हणाले, आधी ते दालन सुधारा. कारण त्या दालनाला मुलं पहिल्यापासून 'विहीर' म्हणत आली होती. पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाणारे बाक, मागची सगळी भिंत काचेची, समोरची उंच आणि कोरी. फळ्याजवळ एक वाक्य बोललं की ते मागच्या काचेवर आपटायचं, तिथून समोरच्या भिंतीवर, पुन्हा काचेवर, आणि तोवर दुसरं वाक्य निघालेलं असायचं. पहिल्या तीन बाकांवरच्यांना भूमिती यायची. बाकीचे पुस्तकावरून पास व्हायचे.

विभागप्रमुखांनी दोन्ही मागण्या एकत्र केल्या. समोरच्या भिंतीवर चित्र हवं आणि त्याच भिंतीने आवाज गिळायलाही हवा. "तुमच्या घरातच दोन्ही कलावंत आहेत," ते म्हणाले.

"मी कलावंत नाही," मोजपट्टी म्हणाली.

"ते आम्हाला माहीत आहे," मी म्हणाले. कामाची सुरुवात अशी झाली.

तिची योजना साधी होती. भिंतीवर छत्तीस चौकटी, प्रत्येक मीटरभर लांब आणि तेवढीच रुंद. चौकटीत लोकरीसारखा जाड थर आणि त्यावर सुटं विणलेलं कापड ताणून बसवलेलं. आवाज कापडातून आत शिरणार, त्या थरात अडकणार आणि परत येणार नाही. चित्र त्या कापडावर काढायचं. फक्त कापडाची भोकं बुजता कामा नयेत.

"म्हणजे अस्तर नाही," ती म्हणाली.

"अस्तर नाही म्हणजे?"

"रंगवायच्या आधी तू कापडाला तो पांढरा जाड हात देतेस ना, तो नाही द्यायचा. पाण्यासारखा पातळ रंग, तोसुद्धा बेताने. मी येऊन तपासणार."

"कशाने? यंत्राने?"

तिने कापडाचा तुकडा तोंडासमोर धरला, माझा हात ओढून पलीकडे ठेवला आणि फुंकर मारली. माझ्या तळहाताला गार वारा लागला.

"फुंकर आरपार गेली की आवाजही जातो. फुंकर अडली की मग ती आपली नुसती भिंतच."

मला हे मुळीच आवडलं नाही. कापड दिसलं की आधी अस्तर आणि मग बाकीचं जग, अशी माझ्या हाताला तीस वर्षांची सवय. कोऱ्या कापडावर रंग टिकत नाही, बसत नाही, खुलत नाही, हे मी किती शिकाऊ मुलींना रागावून शिकवलं असेल. पण मी मान डोलावली. मान डोलवायला कष्ट पडत नाहीत.

चित्रात काय असावं यावर मात्र, नवल म्हणजे, वाद झाला नाही. सासूबाईंची एक लकब सगळ्या विद्यापीठाला ठाऊक होती. तास सुरू करण्याआधी त्या उजव्या हाताचा तळवा कानामागे धरायच्या, मान वर करायच्या आणि विचारायच्या, "शेवटचा बाक, येतंय का ऐकू?" आणि शेवटच्या बाकावरून हमखास एक हात वर व्हायचा. तो हात माझ्या सासऱ्यांचा.

बाबा छापखान्यात मशीनवर होते. पाळी संपली की नखांतली शाई तशीच घेऊन ते आईंना घरी न्यायला विद्यापीठात यायचे आणि त्यांचा शेवटचा तास मागच्या बाकावर बसून काढायचे. नव्या मुलांना वाटायचं, हा कोणी वर्षानुवर्षं नापास होणारा विद्यार्थी असावा. आईंनी प्रश्न विचारला की बाबांचा हात वर, वर्गात हशा, मग तास सुरू. एकतीस वर्षं हे असंच चाललं. त्यामुळे चित्राच्या मधोमध आई, तळवा कानामागे, नजर वर, आणि दोन्ही बाजूंना त्यांच्या विद्यार्थ्यांची दाटी, असं ठरलं.

बाबा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. दोन्ही कानांत यंत्रं. लहान खोलीत समोर बसून बोललं की त्यांना चांगलं ऐकू येतं, मोठ्या जागेत सगळा कालवा होतो. दुपारी ते माझ्या कामाच्या खोलीत येऊन बसायचे. मी कोळशाने आईंचा कच्चा आराखडा काढत होते तेव्हा एकदा बराच वेळ बघून ते म्हणाले, "सूनबाई, खरं सांगू? मला तिथे एक अक्षर ऐकू यायचं नाही."

मी कोळसा खाली ठेवला.

"अर्धे कान मशीनने खाल्ले होते. उरलेले ती विहीर खायची. नुसतं घुंऽऽ."

"मग हात का वर करायचात?"

"नसता केला तर ती ओरडून बोलली असती. घसा नाजूक तिचा." ते आराखड्याकडेच बघत होते. "तिने हात कानाशी नेला की मला कळायचं, आता विचारतेय. मी हात वर करायचो. मग तासभर बघत बसायचो. दिसायची छान. फक्त ऐकू यायची नाही."

"आईंना कधीच सांगितलं नाहीत?"

"आधी राहून गेलं. मग इतकी वर्षं झाली की सांगायची लाज वाटायला लागली. आणि हे मोजपट्टीला सांगू नकोस हं. यंत्रं घेऊन माझ्याच कानांच्या मागे लागेल." मग थोड्या वेळाने, अगदी सहज सांगितल्यासारखं, ते म्हणाले, "उद्घाटनाला तिथे भूमितीचं व्याख्यान आहे म्हणे. त्या बाकावर बसून एकदा भूमिती ऐकायची आहे. कळली नाही तरी चालेल."

मला भरून आलं. मी त्यांना तिथल्या तिथे दोन वचनं दिली, एक न सांगण्याचं आणि एक ऐकवण्याचं. त्या दुपारी दोन्ही सोपी वाटली.

काम चांगलं चाललं. कडेच्या सत्तावीस चौकटी मी मोजपट्टीच्या नियमाने रंगवल्या. पातळ रंग, हलका हात. विद्यार्थ्यांचे चेहरे जवळून नुसते डाग दिसत होते, पण म्हटलं, गर्दी आहे, चालून जाईल. दर तीन दिवसांनी मोजपट्टी येऊन प्रत्येक चौकटीवर ठिकठिकाणी फुंकर मारायची. मी म्हणायचे, "काय वन्सं, वाढदिवस आहे का कुणाचा?" ती उत्तर न देता पुढच्या चौकटीकडे वळायची.

मग मधल्या नऊ चौकटी आल्या. आईंचा चेहरा, मान आणि कानामागचा हात. मी नेहमीसारखी सुरुवात केली आणि दोन दिवसांत हबकले. रंग कापडात शिरत होता आणि वर उरत होता तो फिका, पिवळट चेहरा. तो चेहरा मला ओळखीचा होता. शेवटचे दोन महिने त्यांच्या उशाशी बसून मी तोच बघितला होता. तो मला भिंतीवर नको होता. कुणालाच तो तसा दिसायला नको होता.

मी दाराला आतून कडी लावली, नऊ चौकटींवर नवं कापड ताणलं आणि अस्तराचे दोन हात दिले. छत्तीसातल्या नऊ, म्हणजे फक्त पाव भिंत, अशी स्वतःची समजूत घातली. उरलेल्या सत्तावीस आहेत की आवाज गिळायला. आणि मग मी रंगवायला बसले. आयुष्यात इतकं चांगलं काही माझ्या हातून झालेलं नाही, हे मी आजही सांगते. गालावर उजेड आला, डोळ्यांत तो मिश्कीलपणा आला. कानामागच्या बोटांवर खडूची पूड दिसत होती.

मोजपट्टी आली, चौकटींसमोर उभी राहिली आणि पिशवी खांद्यावरून उतरवायची विसरली.

"आईच आहे गं वहिनी ही," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. सव्वीस वर्षांत तिने माझ्या कामाला दिलेली ही पहिली शाबासकी. त्या दिवशी तिने फुंकर मारलीच नाही. मीही आठवण केली नाही.

उद्घाटनाला अकरा दिवस असताना चौकटी भिंतीवर चढल्या. आवाज मोजायची तिची पद्धत गमतीशीर आहे. ती दालनाच्या मधोमध यंत्र ठेवते आणि फळ्याजवळ उभी राहून फुगा फोडते. फुटलेला आवाज किती वेळ रेंगाळतो ते यंत्र सांगतं. आधी या दालनात तो साडेतीन सेकंद रेंगाळायचा. तिच्या हिशेबाने आता सव्वा सेकंदात विरायला हवा होता. तिने फुगा फोडला, आकडा बघितला, दुसरा फोडला, तिसरा फोडला. दोन सेकंदांच्या खाली यायला आवाज तयार नव्हता. मग ती शेवटच्या बाकावर गेली आणि मला खालून टाळी वाजवायला सांगितली.

"मधूनच परत येतोय," ती वरून ओरडली. "बरोबर मधून, आणि थेट इथे, या बाकावर. असं कसं होईल?"

पुढे दोन दिवस ती कागदांत डोकं घालून बसली. थर विकणाऱ्याला फोन करून त्याच्या डोक्यावर बसली. पुन्हा फुगे आणले. मी मूग गिळून फाटक्या फुग्यांचे तुकडे गोळा करत होते. दर वेळी वाटायचं, आता सांगू, आणि दर वेळी मान वर केली की समोर आईंचा तो चेहरा. सांगितलं की तो उतरणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी दुपारी सगळे आमच्याकडे जेवायला होते. बाबांनी विचारलं, "काय गं, कुठवर आलं?"

मोजपट्टीने चमचा खाली ठेवला. "बाबा, माझं गणित चुकलं. विभागप्रमुखांना उद्या सांगणार आहे. भूमितीच्या बाईंची मुलगी आणि माझंच गणित चुकलं."

मी तिला इतकी वर्षं चिडवत आले, पण अशी पडलेली ती मी कधी बघितली नव्हती. बाबांनी तिच्या हातावर थोपटलं.

"असू दे गं. एवढं काय त्यात? कुणी विचारलं तर मी हात वर करीन."

मोजपट्टीला हसू आलं. माझा नवराही हसला. बाबाही हसले, पण माझ्याकडे न बघता. एकतीस वर्षं जे केलं तेच ते पुन्हा करायला निघाले होते, आणि आता माझ्यामुळे.

"गणित बरोबर आहे," मी म्हणाले. "कापड बंद आहे. मधल्या नऊ चौकटींना मी अस्तर दिलं."

नवऱ्याने ताटल्या उचलल्या आणि स्वयंपाकघरात पाय काढता घेतला. मोजपट्टी माझ्याकडे बघत राहिली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"उद्या सकाळी आठला तिथे ये," एवढंच ती म्हणाली.

सकाळी मी पोहोचले तेव्हा ती चाकांच्या शिडीवर चढून आईंच्या गालाजवळ तोंड नेऊन फुंकर मारत होती. गाल, कपाळ, मान, बोटं. प्रत्येक ठिकाणी वारा तिच्याच तोंडावर परत येत होता. खाली उतरून तिने हात झटकले.

"दोन रात्री झोपले नाही मी, वहिनी. त्या थरवाल्याला नाही नाही ते बोलले. आता त्याची माफी मागायची."

"मी मागते."

"तू माझी माग आधी."

मी मागितली. अगदी सरळ, हातचं काही न राखता. ती ऐकून घेऊन पहिल्या बाकावर टेकली आणि वर बघत म्हणाली, "राहू दे तो चेहरा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"राहू दे म्हणते ना. मी सांगेन की एवढंच जमतं. पूर्वीपेक्षा बरंच आहे तसं. बाबांना नाहीतरी मोठ्या दालनात कुठे ऐकू येतं? निदान आई तरी दिसेल त्यांना."

"दिसायच्या त्या त्यांना नेहमीच," मी म्हणाले. आणि मग पहिलं वचन मोडून सगळं सांगितलं. छापखान्याचं, विहिरीचं, वर केलेल्या हाताचं. ती ऐकता ऐकता वळून शेवटच्या बाकाकडे बघायला लागली.

"म्हणजे लहानपणी आम्ही इथे येऊन बसायचो, हसायचो तेव्हा..."

"काही कळत नसायचं त्यांना. तुम्ही हसताय एवढंच दिसायचं."

तिने डोळे पुसले. मग ती उठली आणि पायऱ्या चढायला लागली. मीही मागोमाग गेले. तेवीस पायऱ्या. माझे गुडघे प्रत्येक पायरीला बोलत होते. वर जाऊन आम्ही दोघी बाबांच्या जागेवर बसलो आणि मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझं चित्र शेवटच्या बाकावरून बघितलं.

मी बावळटासारखी बघतच राहिले. आईंचा चेहरा सुंदर होता, त्यात प्रश्न नव्हता. पण कडेची ती गर्दी! अस्तर नसलेल्या कापडावर मी डागाडागांनी काढलेली ती पोरं इथून जिवंत दिसत होती. एक जांभई देत होता, एक शेजारणीच्या वहीत डोकावत होती. जवळून ज्यांना नाक-डोळे नव्हते त्यांना इथून नाक, डोळे, स्वभाव, सगळं होतं. एवढी मोठी भिंत मी हाताच्या अंतरावर नाक लावून तपासत बसले होते. आईंचा तो पिवळट चेहरासुद्धा मी तेवढ्याच अंतरावरून नापास केला होता.

"मोजपट्टे," मी म्हणाले, "नऊ कापडं आहेत का शिल्लक?"

"बारा आहेत. मी नेहमी जास्त मागवते. तू हसतेस त्याला."

"पुन्हा नाही हसणार."

आठ दिवस हाताशी होते. मधल्या चौकटी उतरवल्या. मी कामाची खोली सोडून दालनातच मुक्काम ठोकला. नव्या कापडाच्या चौकटी फळ्यासमोर उभ्या केल्या आणि मोठ्या कुंच्याने, पाण्यासारख्या पातळ रंगाने, सुटे सुटे ठिपके देत चेहरा काढायला लागले. दोन ठिपक्यांच्या मध्ये कोरं कापड सोडायचं, म्हणजे तिथून वारा जाईल. वीसेक ठिपके झाले की तेवीस पायऱ्या चढून शेवटच्या बाकावर जायचं, बघायचं, उतरायचं. तिसऱ्या दिवशी मोजपट्टीने माझे हाल बघितले आणि ती स्वतःच वर जाऊन बसली.

"डावा गाल उतरलाय," ती वरून सांगायची. "अजून लाल. नको, फार झालं. आता आई रागावलेली दिसतेय."

"रागावायच्याच त्या तुला."

"तुलासुद्धा!"

आमचं भांडण नेहमीचंच होतं, पण त्या आठवड्यात ते कामाला आलं. मी खालून रंग द्यायचे, ती वरून चुका काढायची, मग धावत खाली येऊन फुंकर मारायची. ओला रंग लागून तिच्या ओठांना आईंच्या गालाचा रंग यायचा आणि ती तशीच विभागप्रमुखांशी गंभीर चेहऱ्याने बोलायची. मी एकदाही सांगितलं नाही.

अस्तर दिलेला तो पहिला चेहरा तिने स्वतःच्या घरी नेला. "माझ्या खोलीत आवाज घुमला तरी चालेल," म्हणाली. मी तो तिला आनंदाने दिला. त्याची चुटपुट लागेल असं वाटलं होतं, पण लागली नाही.

शेवटच्या दिवशी सगळ्या चौकटी पुन्हा चढल्या. फुगा फुटला. तिने आकडा बघितला आणि यंत्र माझ्यासमोर धरलं. सव्वा सेकंद, वर थोडं काहीतरी. आम्ही दोघींनी उरलेले सगळे फुगे उगाचच फोडून टाकले.

उद्घाटनाला दालन गच्च भरलं. पुढच्या बाकांवरची काही मंडळी मान वर करून कुजबुजत होती, चेहरा जरा पुसट नाही का? मी त्यांना सांगितलं, "मागे जाऊन बघा." दोघंतिघं गेली आणि तिथेच बसून राहिली. मोजपट्टीने ध्वनिक्षेपक बंद करायला लावला होता. विभागप्रमुखांना ते पटलं नव्हतं, पण तिच्यापुढे कोण बोलणार.

शेवटच्या बाकावर मधोमध बाबा, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मोजपट्टी. बाबांनी नखं स्वच्छ घासली होती, जणू तिथे अजून शाई होती. त्यांनी समोर बघितलं. आई तळवा कानामागे धरून थेट त्यांच्याकडे बघत होत्या. ते जरा पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "हो, अशीच दिसायची इथून."

व्याख्यान देणारी बाई आईंचीच विद्यार्थिनी, आता तोच विषय शिकवणारी. ती फळ्याजवळ आली, थोडी हसली आणि चित्रातल्या आईंच्या खाली उभी राहून तिने उजवा तळवा कानामागे धरला.

"शेवटचा बाक, येतंय का ऐकू?"

बाबांचा हात वर गेला. सगळं दालन मागे वळून हसलं, कुणीकुणी टाळ्या वाजवल्या. मी मात्र टाळी वाजवली नाही. त्या हाताचा काय भरवसा? तिने तळवा कानामागे नेलेला त्यांना दिसला होता, एवढ्यावरही तो वर गेला असता. मी मोजपट्टीकडे बघितलं. तीही माझ्याकडेच बघत होती, ओठ घट्ट मिटून. विचारायची दोघींचीही हिंमत नव्हती. विचारलं असतं तरी ते हो म्हणाले असते.

बाई वळली आणि तिने फळ्यावर एक लांब रेघ ओढली. मग दुसरी. मग टोकाशी ठक् करून टिंब दिलं.

बाबांनी मान तिरकी केली. मोजपट्टीकडे झुकून, त्यांना कुजबुज वाटते तेवढ्या आवाजात, त्यांनी विचारलं, "तिचाही खडू असाच वाजायचा का गं?"

मोजपट्टीने मागून हात घालून माझा दंड पकडला, इतका घट्ट की अजून आठवतो.

"असाच, बाबा," ती म्हणाली. "अगदी असाच."

फळ्याजवळची बाई वळली. "शेवटच्या बाकावर गप्पा नकोत," ती म्हणाली. "इथे सगळं ऐकू येतं."

सगळे पुन्हा हसले. बाबांनी गुपचूप तोंडावर बोट ठेवलं. त्यांचा दुसरा हात मात्र अजून वरच होता. खाली घ्यायचं ते विसरून गेले होते.